बर्फात गाडी धावते, पण थांबते का?

डिसेंबर उजाडला की दिल्ली, गुरुग्राम, चंदीगडमधल्या घरांत एकच बेत शिजू लागतो. मुलांना नाताळची सुट्टी लागली रे लागली की मनाली, शिमला नाही तर गुलमर्ग गाठायचं आणि बर्फात मनसोक्त खेळायचं. पूर्वी त्यासाठी रात्रीच्या बसची तिकिटं काढावी लागत. आता घराखालीच दमदार एसयूव्ही उभी असते. तीनशेहून अधिक हॉर्सपॉवरचं इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद, २० इंची चकचकीत रिम आणि जाहिरातीत बर्फ उडवत जाणारी हीच गाडी. मग हिला बर्फाची कसली भीती, असं कुणालाही वाटणं साहजिक आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडला आणि जवळपास हजार गाड्या अडकल्या. पोलिसांना पर्यटकांना तिथून बाहेर काढावं लागलं. अशा प्रसंगांच्या चित्रफिती दर हिवाळ्यात आपल्या मोबाइलवर येतात, त्या जरा नीट पाहा. त्यात फक्त छोट्या गाड्या घसरत नाहीत. मोठ्या, महागड्या, फोर बाय फोर गाड्याही उतारावरून संथपणे, फरशीवरून सरकवलेल्या कपाटासारख्या खाली जाताना दिसतात. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरलेला असतो, तरी गाडी थांबत नाही.

दोष इंजिनाचा नसतो आणि ब्रेकचाही नसतो. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त टायर असतो आणि तोच त्या हवामानासाठी बनलेला नसतो. गाडी घेताना आपण सनरूफ, सीटचं लेदर, म्युझिक सिस्टिम सगळं पारखून घेतो. टायर मात्र कंपनीने लावून दिले तेच. भारतात विकल्या जाणाऱ्या वेगवान एसयूव्ही सहसा उन्हाळी टायरवरच येतात, कारण आपल्या देशाच्या बहुतेक भागाला तेच योग्य आहेत. प्रश्न येतो तो गाडी डोंगर चढू लागते तेव्हा.

ताकद चार चाकांना, पण ब्रेकचं काय?

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला जागेवरून सुटायला मदत करते. एक चाक फिरत राहिलं तर दुसऱ्याकडे ताकद वळते, गाडी चढ चढून जाते. थांबताना मात्र तिचा काहीच उपयोग नसतो. ब्रेक तर साध्या हॅचबॅकचेही चारही चाकांना लागतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत तुमची ८० लाखांची गाडी आणि शेजाऱ्यांची ८ लाखांची गाडी एकाच रांगेत उभ्या आहेत. उलट दमदार गाडीत धोका थोडा जास्तच, कारण ती इतक्या सहज सुटते की रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला पहिल्या वळणापर्यंत कळतच नाही. इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर आणखी सांभाळा, तिथे सगळी ताकद पाय ठेवताक्षणी मिळते.

जरा आकडे पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर साधारण ८ मीटरमध्ये थांबते. गाड्यांनी दाबून टणक झालेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागू शकतात आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ६० मीटर. हे सपाट रस्त्याचं झालं. डोंगरात १०० मीटरमागे १० मीटर उतार काही फार नाही. पण काचेसारख्या बर्फावर टायरची पकड जेमतेम तेवढीच ओढ सहन करू शकते. म्हणजे अशा उतारावर एकदा घसरू लागलेली गाडी ब्रेक कितीही दाबला तरी थांबत नाही, कशावर तरी आदळते तेव्हाच थांबते. मागच्या सीटवर आजी आणि दोन मुलं बसलेली असताना हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

गाडी जड आहे म्हणून ती रस्त्याला धरून राहील, हाही एक लाडका समज आहे. वजनाने पकड वाढते हे खरं, पण थांबवायचं ओझंही तेवढंच वाढतं. हिशेब तिथल्या तिथेच राहतो.

खोबरेल तेल आणि टायर

थंडीत बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि मग ती उन्हात ठेवावी लागते, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. उन्हाळी टायरच्या रबराचं थोडंफार असंच होतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक होऊ लागतं, रस्त्याच्या बारीक खाचांत रुतत नाही आणि पकड कमी होते. यासाठी बर्फ पडायलाच हवा असं नाही. जानेवारीतल्या पहाटे शिमल्याचा कोरडा रस्ताही पुरेसा आहे.

हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं. ते गारठ्यातही मऊ राहतं. त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फाला धरतात, पुन्हा मिटतात. नक्षीच्या खोल खाचांत बर्फ भरून राहतो आणि गंमत म्हणजे तोच उपयोगी पडतो. मुठीत दाबलेला बर्फाचा गोळा जसा घट्ट होतो, तसा टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. ही युक्ती फिनलंडच्या लोकांनी फार आधी हेरली. तिथल्या कंपनीने १९३४ मध्ये जगातला पहिला हिवाळी टायर बनवला, तोही ट्रकसाठी. हीच कंपनी आज नोकियन या नावाने ओळखली जाते.

मराठीत आपण सगळ्याला बर्फच म्हणतो. टायरच्या दृष्टीने मात्र ताजा भुसभुशीत बर्फ, गाड्यांनी दाबलेला बर्फ आणि पाणी गोठून झालेला काचेसारखा बर्फ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींवर चांगला हिवाळी टायर जमीन-अस्मानाचा फरक दाखवतो. तिसऱ्यावर तोही हतबल होतो. डोंगरातले लोक रस्त्यावरच्या या पातळ, जवळजवळ न दिसणाऱ्या थराला ‘पाला’ म्हणतात. तो सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं तिथे हमखास असतो. सकाळी दहाच्या आत निघायची घाई करू नका असं हॉटेलवाला सांगतो, ते उगाच नाही.

आधी ठरवा, हवेत का?

आता मुख्य प्रश्न. हिवाळी टायर घ्यायचे का? सगळ्यांनी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिल्ली ते मनाली हे अंतर साधारण ५३० किलोमीटर. येऊन-जाऊन हजाराच्या वर. त्यात प्रत्यक्ष बर्फ लागतो तो शेवटच्या ४०-५० किलोमीटरमध्ये, तोही लागला तर. बाकीचा सगळा प्रवास हायवेवरचा, दुपारच्या उन्हातला. हिवाळी टायर उबदार रस्त्यावर वाईट वागतात. मऊ रबर भराभर झिजतं, वळणावर गाडी लिबलिबीत वाटते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला मुर्थलच्या पुढे मोकळा हायवे मिळाल्यावर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे चार दिवसांच्या बर्फासाठी आपण हजार किलोमीटरचा धोका विकत घेतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्या कुटुंबाने गाडी खालच्या गावात लावावी आणि पुढे स्थानिक गाडी करावी. तंगमर्गहून गुलमर्गला जाताना तर अनेकदा तसंच करावं लागतं. पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबतात आणि चेन लावलेल्या स्थानिक गाड्या वर जातात. आपली गाडी वर नेली नाही म्हणून मान खाली जात नाही. तिथला ड्रायव्हर तो रस्ता रोज चालवतो, आपण वर्षातून एकदा.

दुसरं कुटुंब दर महिन्याला डोंगरात जाणारं. कसौलीला किंवा मसुरीजवळ घर आहे, देहरादूनला सासर आहे, मुलं शिमल्याच्या बोर्डिंगमध्ये आहेत. यांच्यासाठी मधला मार्ग म्हणजे बर्फासाठी तपासलेले ऑल सीझन टायर. ते बाराही महिने गाडीवर राहतात. कडक उन्हात ते उन्हाळी टायरइतके सरस नाहीत आणि खोल बर्फात हिवाळी टायरइतके नाहीत, पण दोन्हीकडे निभावून नेतात.

तिसरं कुटुंब म्हणजे खरोखर थंडीत राहणारं. लष्करातल्या किंवा सरकारी नोकरीतल्या बदलीमुळे श्रीनगरला, लेहला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. शिमल्याच्या वरच्या भागात सफरचंदाच्या बागा असलेल्यांकडेही मोठ्या गाड्या असतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’चे ४० दिवस सुरू होतात, तेव्हा पहाटेचा पारा रोजच शून्याखाली असतो. इथे हिवाळी टायरचा वेगळा सेट ही चैन नाही, गरज आहे. पुढचं वाचन मुख्यतः यांच्यासाठी. परदेशात राहणाऱ्या मुला-मुलींनाही हा लेख पाठवायला हरकत नाही.

डोंगर आणि हिमकण

टायरच्या बाजूच्या भिंतीवर इतका मजकूर असतो की पहिल्यांदा वाचताना डोळेच फिरतात. त्यात सगळ्यात आधी एक छोटं चित्र शोधा, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. हे चिन्ह असेल तर तो टायर ठरलेल्या संदर्भ टायरशी तुलना करून बर्फावर तपासलेला असतो. ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरं मात्र कितीतरी एसयूव्हीच्या टायरवर दिसतात आणि दुकानदार तेच दाखवून ‘मॅडम, हा स्नो टायरच आहे’ म्हणतो. त्यावर विसंबू नका. ही अक्षरं नक्षी पाहून कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची नसते. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यात फक्त ‘एम प्लस एस’ असलेले टायर अपुरे ठरवले आहेत. रस्त्यावर बर्फ असताना डोंगर-हिमकणाचं चिन्ह नसेल, तर निदान ६० युरो दंड आणि ड्रायव्हरच्या नावावर एक गुण. म्युनिकला, श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या मराठी मुलांनी सेकंडहँड गाडी घेताना हे आधी पाहावं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत.

हे चिन्ह असलेल्या हिवाळी टायरमध्येही दोन घराणी आहेत. एक उत्तर युरोपचं, खूप मऊ, काचेसारख्या बर्फासाठी बनलेलं. नोकियनचा हाक्कापेलिट्टा किंवा ब्रिजस्टोनच्या ब्लिझॅक मालिकेतले काही टायर या घराण्यातले. त्यांची वेगमर्यादा कमी असते आणि डांबरावर ते सैल वाटतात. दुसरं मध्य युरोपचं. जिथे सकाळी बर्फ, दुपारी ओला हायवे आणि संध्याकाळी पाऊस असं हवामान असतं, तिथल्यासाठी. मिशेलिनचा पायलट अल्पिन ५ एसयूव्ही, पिरेलीचे स्कॉर्पियन विंटर, व्रेडेस्टाइनचा विंट्रॅक प्रो हे या गटातले. (व्रेडेस्टाइन ही डच कंपनी २००९ मध्ये आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतली, हे अनेकांना माहीत नसतं.) वेगवान एसयूव्हीसाठी सहसा दुसरं घराणं योग्य, कारण गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग ज्या कडक टायरची अपेक्षा करतं, त्याच्या ते जवळ जातं. लेहमध्ये, जिथे महिनोन्महिने रस्ता गोठलेला असतो आणि वेगाने जायला जागाच नसते, तिथे मी पहिल्या घराण्याकडे वळायला सांगेन.

काही महागड्या गाड्यांच्या टायरवर आणखी एक खूण असते. पोर्शेसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. तो टायर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी जुळवून घेतलेला आहे, असा त्याचा अर्थ. हिवाळी टायरमध्ये ती खूण मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निदान चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या.

रिम लहान, शहाणपण मोठं

वेगवान एसयूव्हीच्या मालकांना सगळ्यात जड जातं ते हे. हिवाळ्यासाठी रिम लहान करायची आणि टायर अरुंद. २० किंवा २१ इंची रिममुळे गाडी देखणी दिसते, हे मान्य. पण रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो. शिवाय मोठ्या रिमवर टायरची भिंत बुटकी असते. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात ती आदळली की रिम वाकते, टायरला फुगवटा येतो. आपल्या डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फाखाली काय असेल, हे तर बॉर्डर रोड्सवाल्यांनाच ठाऊक.

अनेक वेगवान गाड्यांत मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. समजा पुढे २४५/४५ आर २० आणि मागे २७५/४० आर २० आहेत. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. आता चारही चाकांना २४५/५० आर १९ लावले तर? रिम एक इंचाने लहान झाली, पण भिंत उंच झाली. वही-पेन घेऊन बसलात तर पुढच्या जुन्या चाकाचा एकूण व्यास ७२८.५ मिलिमीटर येतो, मागच्याचा ७२८ आणि नव्याचा ७२७.६. एका मिलिमीटरचाही फरक नाही. स्पीडोमीटर बरोबर दाखवेल आणि चार चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला ताण येणार नाही. ही यंत्रणा चारही चाकं सारख्या घेराची आहेत असं धरून चालते, म्हणूनच दोनच टायर बदलण्याची काटकसर इथे महागात पडते. चारही चाकं सारखी झाल्यामुळे टायर पुढे-मागे फिरवून सारखे झिजवताही येतात (टायरवरचा बाण मात्र फिरायच्या दिशेनेच हवा). आधी ते शक्य नव्हतं.

एक अट आहे. दमदार गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, त्यावर लहान रिम बसेलच असं नाही. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेला तक्ता आणि गाडीचं मॅन्युअल पाहा. त्याच मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेले आकार तिथे असतात. त्याबाहेरचा आकार दुकानदाराने कितीही छातीठोकपणे सुचवला तरी घेऊ नका.

आकारापुढे ‘१०५ व्ही’ असं काही लिहिलेलं असतं. १०५ म्हणजे एक टायर ९२५ किलो वजन पेलू शकतो. दोन टनांची गाडी, पाच माणसं, वर सुटकेस आणि आजीने दिलेले लाडूचे डबे. हा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा कमी नको. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ‘एच’ २१०, ‘टी’ १९०, ‘क्यू’ १६०. उन्हाळी टायरवर कदाचित ‘वाय’ असेल, म्हणजे ३००. हिवाळ्यात ते अक्षर थोडं खाली आलं तर बिघडत नाही, पण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती मर्यादा माहीत हवी. जर्मनीत तर गाडीची क्षमता त्याहून जास्त असेल, तर ड्रायव्हरच्या नजरेसमोर तसं स्टिकर लावावं लागतं. आपणही एक चिठ्ठी चिकटवायला काय हरकत आहे? विशेषतः घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं कुणी असेल तर.

विकत घेताना

भारतात हिवाळी टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने कारच्या नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यानंतर मोठ्या आणि वेगळ्या आकारांसाठी ऑर्डर देऊन थांबणं नेहमीचंच झालं. म्हणून बर्फ पडल्यावर नव्हे, सप्टेंबरमध्येच चौकशी सुरू करा. गाडीच्या शोरूमला विचारा, टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला विचारा आणि श्रीनगर किंवा शिमल्यात असाल तर तिथल्या जुन्या टायरवाल्यालाही. बर्फाळ भागातल्या दुकानदाराला जे ठाऊक असतं ते दिल्लीच्या एसी शोरूममध्ये अनेकदा नसतं.

टायर हातात आल्यावर बाजूला ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३८२४ म्हणजे २०२४ सालचा ३८वा आठवडा. गोदामात चार-पाच वर्षं पडून राहिलेलं रबर स्वस्तात मिळत असेल तरी नको. मऊपणा हाच त्याचा गुण आणि वयाबरोबर तोच जातो. आयएसआय चिन्ह आहे का, पाहा. बिल घ्या. परदेशातून उतरवलेले जुने हिवाळी टायर ‘नव्यासारखे’ म्हणून विकले जातात, त्यांच्या वाटेला जाऊच नका. कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात त्याचा फारसा उपयोग राहत नाही. ऑस्ट्रियात तर त्याखाली तो हिवाळी टायर मानलाच जात नाही. नक्षीची खोली मोजायचं छोटं मापक ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा.

रन फ्लॅट टायरचाही विचार करा. अनेक महागड्या एसयूव्हींत पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे हे टायर असतात आणि म्हणून स्टेपनीच नसते. तुमचे नवे हिवाळी टायर साधे असतील तर पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच. रोहतांगच्या वाटेवर रात्री पंक्चरवाला कुठून आणणार?

शक्य असेल तर हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच बसवून घ्या. खर्च वाढतो, चार टायर आणि चार रिम मिळून आकडा लाखांत जातो. पण दर वर्षी दोनदा टायर रिमवरून उतरवण्या-चढवण्यात त्यांच्या कडा खराब होतात, ते टळतं आणि महागड्या उन्हाळी रिमवर ओरखडेही पडत नाहीत. दोन्ही सेट आळीपाळीने वापरल्यामुळे ते टिकतातही जास्त. माझ्या मते बजेट कमी पडत असेल तर रिम साध्या घ्या, टायर चांगले घ्या.

चेन आणि हवा

हिवाळी टायर लावले म्हणजे चेन घरी ठेवायची, असं नाही. जोरदार बर्फवृष्टीनंतर प्रशासन अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतं. शिवाय काचेसारख्या बर्फावर चेनलाच खरी पकड असते. पण रुंद टायरच्या वेगवान गाडीत चाक आणि आतल्या भागांमध्ये जागा फार कमी असते. साधी जाड चेन ब्रेकच्या पाइपला किंवा सस्पेन्शनला घासू शकते. कोणत्या आकाराच्या टायरवर, कोणत्या चाकांना, किती जाडीची चेन चालेल हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांत २० इंची टायरवर चेन लावायला मनाईच असते, पण लहान रिमवर परवानगी असते. लहान रिमचा हा आणखी एक फायदा. चेन आधी घरी, पार्किंगमध्ये, कोरड्या हातांनी दोनदा लावून पाहा. उणे ५ अंशांत, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना सूचनापत्रक वाचता येत नाही. चेन लावल्यावर वेग ताशी ५० च्या आत ठेवा आणि कोरडा रस्ता लागला की ती काढा.

हवेचं गणित थोडं मजेशीर आहे. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. दिल्लीत दुपारी २० अंशांत हवा भरली आणि मनालीत पहाटे उणे ५ असेल, तर ४-५ पीएसआय गेली. पण मनाली २,००० मीटर उंचीवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो. त्यामुळे गेजवरचा आकडा जवळपास ३ पीएसआयने वरही जातो. म्हणून घरी बसून अंदाज बांधू नका. पोहोचल्यावर सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरची हवा मोजा आणि दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरा. परत खाली उतरल्यावर पुन्हा मोजा. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला वाळूत गाडी चालवणाऱ्यांकडून येतो, डोंगरातल्या वळणावर तो पाळू नका.

आणि तरीही अडकलात तर? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली. सायलेन्सर बर्फाखाली गाडला गेला असताना हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं की विषारी वायू आत शिरतो. त्याला ना रंग असतो, ना वास. उब हवी असेल तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ बाजूला करा, इंजिन थोडाच वेळ चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. डिकीत एक फावडं, जाड पांघरुणं, पाणी आणि मुलांचा खाऊ असू द्या.

फेब्रुवारी सरला, पहाटेचा पारा ७ अंशांच्या वर राहू लागला की हिवाळी टायर उतरवायची वेळ झाली. धुऊन, वाळवून, उन्हापासून दूर, गार जागेत ठेवा. रिमवर असतील तर एकावर एक रचून, नुसते असतील तर उभे. गच्चीवर ताडपत्रीखाली नकोत, उन्हाने रबर कडक होतं. बसवायला नेताना ते ताडपत्रीसकट गच्चीवरून कोण उतरवणार, हा प्रश्न वेगळाच. आणि काढताना प्रत्येकावर खडूने लिहून ठेवा, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. पुढच्या नोव्हेंबरला टायरवाला हेच पहिलं विचारेल.